बेंबीच्या वरची रेघ

आमच्या वहिनीशी वाद घालायचा असेल तर आधी जेवून घ्यावं, कारण तो लवकर आटपत नाही. ती वजनमाप निरीक्षक आहे. दुकानोदुकानी जाऊन तराजू, काटे आणि लिटरची मापं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर दुकानदाराची बिनपाण्याने करायची, हे तिचं काम. तिची पितळी वजनांची पेटी काउंटरवर आदळली की किराणावाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचं धाबं दणाणतं. काटा बरोबर निघाला तर ती फक्त "बरोबर आहे" म्हणते आणि शिक्का मारते. यापेक्षा जास्त कौतुक तिच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही, दादाने तर नाहीच.

फक्त एका जातीचा काटा ती मुळात मानतच नाही, तो म्हणजे माणसं ज्यावर उभी राहतात तो. असले काटे सगळे सदोष असतात, असं तिचं अधिकृत मत आहे. कारण उघड आहे. वहिनी जाड आहे, खूप जाड. हा नणंदेने मारलेला टोमणा नाही, तिचाच शब्द आहे. लग्नानंतर एकदा मी लाडात येऊन तिला 'अंगानं भरलेली' म्हणाले, तर ती म्हणाली, "जाड म्हण की सरळ. काटा कशाला मारतेस?" तेव्हापासून आमचं जमलं. माझा दादा मात्र काडीपहिलवान. वारा सुटला की तो तिच्या आडोशाने चालतो.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. इतकी वर्षं ते काम करून मला आता कशाचं काही वाटत नाही, असा माझा समज होता. मग वहिनीला पुन्हा दिवस गेले, सिझेरियनच करावं लागणार हे ठरलं आणि तारीख आमच्याच थिएटरमध्ये लागली.

पुन्हा म्हणायचं कारण असं की पहिल्या वेळी ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी होती. ऐनवेळी धावपळ झाली, तिला पूर्ण भूल देऊन झोपवलं, आणि ती जागी झाली तोवर बाळ जन्मून, थोडंसं रडून, गेलंसुद्धा होतं. त्याबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. "सगळ्यांनी ऐकलं गं त्याला. ह्यांनी दाराबाहेरून ऐकलं, लादी पुसणाऱ्या बाईनं ऐकलं. मीच तेवढी झोपले होते." मग ती भांडी घासायला लागली आणि मी शेजारी उभी राहून ती पुसत राहिले.

म्हणून या वेळी तिची एकच अट होती. कुठेही कापा, कसंही कापा, पण मला जागी ठेवा.

आमच्या सर्जनबाई इतक्या बुटक्या आहेत की स्टूलवर चढल्याशिवाय त्यांना टेबलावरचा पेशंट नीट दिसत नाही. त्यांना सगळे 'स्टूलवाल्या बाई' म्हणतात, त्यांच्यादेखत नव्हे अर्थात. त्यांनी वहिनीला पहिल्याच भेटीत वजन विचारलं.

"तुमचा काटा सदोष आहे," वहिनी म्हणाली.

"मग तुमची वजनं आणा, तपासा आणि उभ्या राहा," बाई म्हणाल्या. "टेबल किती भार पेलेल आणि औषध किती द्यायचं, ते त्यावर ठरतं. अंदाजपंचे मी काही करत नाही."

वहिनीने खरंच पेटी आणली. दवाखान्याचा काटा उलटसुलट तपासला. तो बरोबर निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच काटा बरोबर निघाल्याचं तिला वाईट वाटलेलं मी पाहिलं. पण नियम म्हणजे नियम, ती चढली त्यावर.

मग बाईंनी खुर्चीवरची उशी घेऊन आम्हाला सगळं समजावलं. "एरवी आम्ही अगदी खाली कापतो, ओटीपोटाच्या तळाशी, आडवं. पण तुमच्या पोटाची घडी त्या जागेवर येते. ती उचलून वर धरायची, खाली कापायचं, शिवायचं आणि घडी परत सोडायची. म्हणजे जखम राहणार घडीच्या खाली. वारा नाही, उजेड नाही, घाम मात्र भरपूर. चिघळायला याहून चांगली जागा मिळायची नाही."

"दुसरी जागा?" वहिनीने विचारलं.

"उभा छेद. काम करायला ऐसपैस, पण दुखतो फार, आणि टाके उसवायची भीती असते."

"तिसरी?"

"असू शकेल. पण ती तुम्हाला टेबलावर आडवं करून पाहिल्याशिवाय सांगणार नाही."

बाहेर आल्यावर वहिनी दादाला म्हणाली, "मोजल्याशिवाय बोलत नाही बाई. हिला शिक्का."

अशा पेशंटची बाई आदल्या दिवशी रंगीत तालीम घेतात. सुरी तेवढी नाही, बाकी सगळं जसंच्या तसं. त्या सकाळी आम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावून ते रुंद केलं, वहिनीला वर चढवलं आणि तिच्या उजव्या कुशीखाली पाचरीसारखी उशी सरकवली. गर्भाचा भार मोठ्या शिरेवर पडू नये म्हणून गरोदर बाईला असं जरा डावीकडे कलतं ठेवतात. वहिनीने लगेच हरकत घेतली.

"हे टेबल तिरकं आहे. पाणसळ लावली होती का कुणी?"

"मुद्दाम केलंय," मी म्हणाले. "गप्प पड."

ती कसली गप्प पडते! दिव्याला नावं ठेवून झाली, माझ्या टोपीला ठेवून झाली, मग भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे मोर्चा वळला. ते सारखे काहीतरी गुणगुणत असतात म्हणून त्यांचं नाव 'गुणगुणे' पडलंय. "तुमचा सूर लागत नाही," वहिनीने त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बेसूरच चालू ठेवलं.

आधी आम्ही नेहमीचा रस्ता करून पाहिला. पोटाची घडी दोघींनी उचलली, छातीकडे ओढली आणि रुंद चिकटपट्ट्यांनी वरच्या दांडीला बांधली. खालची जागा मोकळी झाली. बाई वाकून पाहू लागल्या. आणि माझ्या लक्षात आलं की खोलीत फारच शांतता आहे. वहिनी बोलत नव्हती.

गुणगुण्यांनी गाणं थांबवलं. बोटाला लावलेल्या चिमट्याचं यंत्र अजून ओरडलंसुद्धा नव्हतं, पण वहिनी गप्प आहे म्हणजे तिला श्वास पुरत नाहीये हे कळायला मला यंत्र लागत नाही. "सोडा!" मी ओरडले. पट्ट्या सोडल्या, तिला बसतं केलं, तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला. तो काय होता ते इथे सांगत नाही.

"सगळा भार छातीवर येतोय," गुणगुणे म्हणाले. "असंच करायचं असेल तर मला यांना झोपवून, नळी घालून श्वास द्यावा लागेल."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मला सोसवली नाही. मी आपली पट्ट्यांचे तुकडे गोळा करत बसले.

बाई स्टूलवर उभ्या होत्या. त्यांनी बराच वेळ पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वर नको. खाली ओढा. पायांकडे."

आम्ही पुन्हा तिला आडवं केलं आणि घडी मांड्यांच्या दिशेने ओढली. वहिनी ताबडतोब म्हणाली, "हळू! माझं पोट आहे ते, गोणपाट नाही." गुणगुणे पुन्हा गाऊ लागले.

बाईंनी दोन बोटं खोल दाबत दाबत ओटीच्या हाडाचा शोध घेतला. "हे बघा. हाड इथे आहे, आणि बेंबी त्याच्याही खाली उतरलीय. बेंबीवर कधी विसंबू नये. वजन वाढलं की ती पत्ता बदलते, हाड बदलत नाही. म्हणजे मी बेंबीच्या वर, इथे, आडवं कापलं तरी बरोबर पिशवीच्या खालच्या भागावर उतरेन. जखम घडीच्या बाहेर, कोरडी. आणि छाती मोकळी."

"म्हणजे मी जागी?"

"तुम्हाला कोण झोपवणार? तुम्हीच आम्हाला झोपवाल."

बाईंनी जांभळ्या मार्करने बेंबीच्या वर एक रेघ ओढली. सगळे खुशीत चहाला गेलो. सगळं इतकं सुरळीत झालं होतं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. संध्याकाळी वहिनी वॉर्डातल्या न्हाणीघरात आरशासमोर उभी राहिली आणि तिला ती रेघ दिसली. तिरकी! एक टोक वर, एक खाली. जी बाई दुकानातला तराजू केसभर कलला तरी दुकान डोक्यावर घेते, तिच्या स्वतःच्या पोटावर तिरकी रेघ? तिला ते सहन होईना. टेबलावर तिला कलतं निजवलं होतं, म्हणून रेघ उभं राहिल्यावर तिरकी दिसतेय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने साबणाने पुसून पाहिलं, मार्कर निघेना. मग शेजारच्या बाईकडून डोक्याला लावायचं तेल मागून आणलं आणि चोळचोळ चोळलं. निघाली रेघ. नंतर पर्समधली पोलादी पट्टी काढली, ती दादाला धरायला लावली आणि उभ्या उभ्या नवी, सरळ, सुबक रेघ आखली. दोन्ही टोकांना बारीक खुणासुद्धा केल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि माझा दादा! त्याने एकदा तरी म्हणावं की अगं, राहू दे. नाही. पट्टी धरून उभा.

सकाळी वहिनीच्या पाठीत सुई गेली, पाय बधिर झाले, तिला आडवं केलं. नात्यातली म्हणून मला हत्यारांजवळ उभं केलं नव्हतं, मी बाहेरची धावपळ करत होते. दादा हिरवा झगा घालून तिच्या उशाशी बसला होता. झगा त्याला इतका मोठा होता की आत तो आहे की नाही हे चाचपून पाहावं लागलं असतं. बाई स्टूलवर चढल्या.

"ही रेघ कुणाची?"

झग्यातला दादा आणखी लहान झाला.

"माझी," वहिनी म्हणाली. "तुमची तिरकी होती. ही पट्टी लावून आखलीय."

"रेघ तिरकी नव्हती. तुम्ही तिरक्या होतात," बाई म्हणाल्या. "असू दे. मी हाडावरून कापते, रेघेवरून नाही." त्यांनी पुन्हा हाड शोधलं, पुन्हा जागा ठरवली. वहिनीची सुबक रेघ चांगली वीतभर खाली उतरली होती. मला हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात आम्ही घडी खाली ओढून चिकटपट्टी लावली आणि ती फर्रकन सुटून आली.

दुसरी लावली. तीही सुटली.

"पुसलंत कशाने?" बाईंनी विचारलं.

"तेलाने," वहिनीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

आम्ही स्पिरिटने पुसलं, साबणाने पुसलं, परत स्पिरिटने पुसलं. पट्टी जराशी धरायची आणि भार आला की सुटायची. रात्रभर मुरलेलं तेल ते, आमच्या घाईला थोडंच दाद देणार! गुणगुण्यांचं गाणं थांबलं होतं. ते सरळ म्हणाले, "घडी वर सरकली तर बाईंची जागा झाकली जाणार. मग ती छातीवर घ्यावी लागेल, आणि मग मला यांना झोपवावं लागेल. आधीच सांगून ठेवतो."

"नाही," वहिनी म्हणाली. एवढंच. तिचे डोळे भरून आले होते. स्वतःच्याच हाताने तिने हे करून ठेवलं होतं, आणि ते तिला कळलं होतं. मला तिचा इतका राग आला होता आणि तिची इतकी दया येत होती की कुणाला आधी वाट द्यावी ते समजेना.

"हातांनी धरायचं," बाई म्हणाल्या. "दोन माणसं, पायांकडून, कापडाखाली हात घालून. बाळ बाहेर येऊन मी शिवून होईपर्यंत सोडायचं नाही." एक बाजू मी घेतली. दुसऱ्या बाजूला कुणीच मोकळं नव्हतं. बाईंनी उशाशी पाहिलं. "काल पट्टी कुणी धरली होती?"

"मी," झगा म्हणाला.

"मग आज पोट धरा."

"अहो, झेपेल का तुम्हाला?" वहिनीने विचारलं. खरोखरच्या काळजीने विचारलं.

"बघू," दादा म्हणाला आणि टेबलाला वळसा घालून आला.

"इतक्या वर्षांनी एकदाचे पायाशी आलात," ती म्हणाली, आणि माझ्या जिवात जीव आला. बोलत होती ना.

गुणगुण्यांनी तिला तेच सांगितलं, "बोलत राहा. थांबू नका." असं सांगणारा माणूस तिला आयुष्यात प्रथमच भेटला होता. तिने काट्याखाली लोहचुंबक लपवणाऱ्या भंगारवाल्यापासून सुरुवात केली. मग गज आखूड करणारा कापडवाला. मग ज्याच्या मापाला तळाशी पोचा होता तो रॉकेलवाला. बाई कापत होत्या, दुसरी सिस्टर हत्यारं देत होती आणि आम्ही दोघं बहीणभाऊ कापडाखाली हात घालून, पाय रोवून, ओढून धरत होतो. माझी बोटं बधिर झाली. दादाच्या कपाळावरची शीर टरारून फुगली होती. त्याला कापडापलीकडचं काहीच दिसत नव्हतं. तो तिच्या आवाजाकडे कान लावून उभा होता.

रॉकेलवाल्याला दंड होणार तेवढ्यात वहिनी गप्प झाली.

वाक्य अर्धं राहिलं. गुणगुण्यांचा हात मास्ककडे गेला. दादाची पकड हलली, मला माझ्या बाजूने हिसका जाणवला. "ती बोलत का नाहीये?" तो म्हणाला. "अगं, ती बोलत का नाहीये?"

"वहिनी!" मी ओरडले.

"गप्प बसा रे सगळे!" वहिनी कडाडली. "काय बाजार मांडलाय! बाई आत्ता 'आलं' म्हणाल्या. मला ऐकू द्या."

मग आम्ही सगळे गप्प बसलो. यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती. बाईंचे हात अजून आत होते. मी देवाला नवस बोलायचा विचार केला, पण मला एकही धड आठवेना. मला फक्त ती भांडी आठवत होती, आणि तिची पाठ.

आणि ते रडलं. आधी एक खरखरीत, रागावलेला आवाज, मग बेंबीच्या देठापासून बोंब. माझ्या मास्कमध्ये पाणीच पाणी झालं आणि हात गुंतल्यामुळे ते पुसताही येईना. दादाचंही तेच झालं होतं.

"मुलगी," बाई म्हणाल्या.

"सोडू का आता?" दादाने विचारलं.

"खबरदार! अजून शिवायचंय."

त्यामुळे आपली मुलगी दादाने सगळ्यात शेवटी पाहिली. बाईंनी त्याला शिवण पुरी होईपर्यंत सोडलं नाही. ती जखम पुढे कोरडी, ठणठणीत भरून आली. वहिनी आडवी असली की व्रण अगदी सरळ दिसतो, उभी राहिली की तिरका, आणि प्रत्येक तपासणीला ती बाईंना ते ऐकवते.

पण तेव्हा, वहिनी टेबलावरच असताना, बाळाला काट्यावर ठेवलं आणि बाळ घ्यायला आलेल्या सिस्टरने वजन मोठ्याने सांगितलं. त्या काट्यावर शिक्का नव्हता. मला माहीत होतं आणि आता ती विचारणार म्हणून मी वाट पाहत होते. तिने विचारलंच नाही. सिस्टरने बाळाला कापडात गुंडाळून वहिनीच्या गालाशी आणलं आणि तसं ते एकदम रडायचं थांबलं.

"गप्प का झाली?" वहिनीने विचारलं.

"आई मिळाली म्हणून," गुणगुणे म्हणाले.

"तसं नको. रडवा तिला परत."

"अहो, शांत झालीय ती. कशाला—"

"मी इतकी वर्षं थांबलेय," वहिनी म्हणाली. "अजून एकदा."

गुणगुण्यांनी कापड बाजूला करून त्या एवढ्याशा तळव्यावर बोटाने टिचकी मारली. पोरीने आईचंच तोंड घेतलंय. तिने असा काही टाहो फोडला की बाहेरची लादी पुसणारी बाईसुद्धा दाराच्या काचेतून डोकावली. वहिनी डोळे मिटून ऐकत होती. शेवटपर्यंत ऐकलं तिने, पोर दमून थांबेपर्यंत.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि मग स्वतः रडायला लागली.